दहावं ओगराळं

"मळ्युं के?" सापडलं का, असं काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून भाईदासनं पाचव्यांदा गुजरातीत विचारलं.

गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या निंबानं लांब दांड्याचं पांढरं ओगराळं उन्हाकडे तिरपं धरलं, एक डोळा बारीक केला आणि नकारार्थी मान हलवली. काठावरून निराशेचा सुस्कारा निघाला. मच्छराच्या अळ्या निघाव्यात म्हणून चाळीस-पन्नास माणसं रविवारी सकाळी आंघोळी उरकून देवाचं नाव घेत बसली आहेत, असं दृश्य निंबानं बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं.

ही गोडादऱ्यातली शुभांगन रेसिडेन्सी. चार इमारती, तीनशे बारा फ्लॅट आणि मागच्या भिंतीच्या आत राहून गेलेलं एक तळं. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत तळ्याच्या जागी दोन हंसांचं कारंजं होतं. हंस आले नाहीत, तळं गेलं नाही. सोसायटीच्या आधीपासून ते तिथं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. आता चेअरमन भाईदासनं ते बुजवून पार्किंग करायचं ठरवलं होतं. त्यासाठी 'हे तळं मच्छरांचं माहेरघर आहे' असा तपासनिसाच्या सहीचा कागद हवा होता. आणि या भागाचा मच्छर-तपासनीस निंबा महाले हा शुभांगनच्याच बी विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर, मुलाकडे राहत होता. भाईदासच्या मते ही ईश्वराची योजना होती.

नियम सोपा. दहा ठिकाणी दहा ओगराळी पाणी घ्यायचं आणि अळ्या मोजायच्या. एकूण दहा किंवा त्याहून जास्त निघाल्या तर तळं नापास. पाच ओगराळी झाली होती. अळ्या निघाल्या होत्या दोन.

"निंबाभाई, जरा ऊंडुं नाखो ने!" भाईदास म्हणाला. जरा खोल घाला, म्हणजे कुठंतरी सापडतीलच, अशा सुरात.

"अळी वर ऱ्हाते भाईदासभाई, श्वास घ्यायला. खोल राहिली तर मरेल."

"एम?" भाईदासला अळीची ही अडचण ठाऊक नव्हती.

निंबाला पाणी स्वस्थ बसू देत नसे. कुठंही साठलेलं पाणी दिसलं की त्याचा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. लग्नात तो नवरदेवाआधी पाण्याच्या पिंपाची भेट घ्यायचा. एकदा साडूच्या घरी सांत्वनाला गेला, दोन मिनिटं मान खाली घालून बसला, मग उठून त्यांच्या फ्रिजमागचा ट्रे काढून मोरीत ओतून आला. साडूच्या घरचे रडायचे थांबले. लिंबायत-गोडादऱ्यात त्याला सगळे 'मच्छरकाका' म्हणत, आणि त्याची त्याला सवय झाली होती.

नोकरीला लागला तेव्हा त्याच्याकडे सहाशे दरवाजे होते. आता आठ हजार. शेतं गेली, चाळी आल्या. चाळी गेल्या, टॉवर आले. धुळ्याहून, जळगावहून, कुठून कुठून माणसं येत राहिली आणि एकावर एक राहायला लागली. ओगराळं मात्र एकच राहिलं. माणसांबरोबर जे जे वाढायचं ते वाढलं: कबुतर, उंदीर, कुत्रं आणि मच्छर. या चौघांना माणूस मानवतो. बाकीच्यांना मानवला नसावा. बेडूक गेले. धामण गेली. वेड्या राघूंची एक रांग वायरवर बसायची, ती गेली. कुणी तक्रार केली नाही, कारण जाणाऱ्यांपैकी कुणी मेंटेनन्स भरत नव्हतं.

सहावं ओगराळं. एक अळी.

"त्रण!" भाईदास ओरडला. त्याच्या शेजारी उभा असलेला निंबाचा मुलगा योगराज यानं बापाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

योगराजचं या तळ्यात बरंच अडकलं होतं. तो रिक्षा चालवायचा. तीनशे बारा फ्लॅट आणि चारशेवर गाड्या अशा हिशोबात रिक्षाला गेटच्या आत जागा नव्हती. ती रस्त्यावर उभी राहायची. दोनदा आरसा गेला, एकदा हूड फाडलं, एकदा कुणीतरी मागच्या सीटवर निवांत जेवून खरकटं ठेवून गेलं. भाईदासनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता: नव्या पार्किंगमधली एक नंबरची जागा निंबाभाईच्या योगराजची.

"नाना, तुमचं काय जातं?" आदल्या दिवशीच योगराजनं समजावलं होतं. "पाच-सहा अळ्या जास्त लिहा. मच्छर काय कोर्टात जाणारे का?"

"अरे पण असल्या तर लिहीन ना."

"असतीलच की! सतरा वर्षं तुम्हीच नापास लिहिताय. आणि आपली चंचल दहा दिवस दवाखान्यात होती ती काय हौस म्हणून?"

चंचल ही योगराजची सात वर्षांची मुलगी. डेंगू झाला तेव्हा तिच्या प्लेटलेटचा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखा फिरला होता. आता घरी आली होती, पण हाताच्या काड्या झाल्या होत्या आणि दोन पावलं चालली की भिंतीला टेकायची. तिला पाहून निंबाला बसवेना. तो हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये फिरत राहिला.

"ओ योगराजना बाप," त्याची बायको धुरपदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक जागे बठा ना! पाय से का मशीन से?"

बसायला म्हणून तो गॅलरीत गेला आणि तिथं त्याला कुंडं दिसलं.

उन्हाळ्यात भाईदासनं 'पक्षी बचाव' कार्यक्रम केला होता. घरटी एक मातीचं पसरट कुंडं, पक्ष्यांना पाणी ठेवायला. प्रत्येक कुंड्यावर पांढऱ्या रंगात भाईदासचं नाव. तीनशे बारा गॅलऱ्यांत तीनशे बारा कुंडी लागली, फोटो निघाले, पेपरात आले. पक्षी म्हणून कबुतरं आली. पाऊस सुरू झाल्यावर तीही येईनाशी झाली, कारण पाणी सगळीकडेच होतं. पण कुंडी राहिली. पुण्याचं काम मध्येच कोण थांबवणार?

निंबा कुंड्यावर वाकला. पाण्यात बारीक काळे स्वल्पविराम वरखाली नाचत होते. किती, ते त्यानं मोजलं नाही. मोजण्याची गरज नव्हती.

डेंगूचा मच्छर खानदानी असतो. चिखलात, गटारात तो अंडी घालत नाही. त्याला घरातलं स्वच्छ, निवळ पाणी लागतं. ही गोष्ट निंबानं आठ हजार दारांत उभं राहून सांगितली होती. आठवड्यातून एकदा पालथं घाला, बाई, पालथं घाला. आठ हजार घरं झाल्यावर आठ हजार एकावं घर मात्र तपासायचं राहून गेलं होतं.

सून सोनाली दारात येऊन उभी राहिली. तिनं एकदा कुंड्याकडे आणि एकदा सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं. "मीच रोज भरत होते, नाना," ती म्हणाली. "वरून भरत होते. खाली काय आहे ते…" मग हळूच, "कुणाला सांगू नका."

निंबानं कुंडं मोरीत ओतलं, राखेनं घासलं आणि पालथं घातलं. पाय रात्रभर हलत राहिला, असं सकाळी धुरपदाबाईनं सांगितलं.

सातवं ओगराळं रिकामं. आठवं रिकामं. नवव्यात एक. चार.

दहाव्या वेळी निंबा मुद्दाम कोपऱ्यातल्या पाणकणसांपाशी गेला. ओगराळं बुडवलं, उचललं, उन्हाकडे धरलं आणि तसाच थांबला.

तळाशी मातीच्या रंगाचं एक जीवडं बसलं होतं. बोटाच्या पेराएवढं, सहा पायांचं, थोराड डोक्याचं. शेजारी चुकून आलेली एक अळी वळवळत होती. जीवड्याच्या जबड्याखालून काहीतरी चिमट्यासारखं सपकन बाहेर आलं आणि अळी नाहीशी झाली. जीवडं पुन्हा मख्ख.

अठरा वर्षांनी भेटत होतं ते. चतुराचं पिल्लू.

"केटला?" भाईदास उठून उभा राहिला.

"चार."

"चार हजार?"

"चार. दहा ओगराळ्यांत चार. तळं पास आहे."

काठावर एकदम गलका झाला. काठालगतच्या मांडवात माइक होता, चहा होता, ठराव टाइप करून आणला होता. फक्त आकड्याची जागा मोकळी होती. निंबा ओगराळं सांभाळत बाहेर आला. योगराज त्याच्याजवळ आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "नाना, सहाचाच तर फरक होता."

ए विंगमधल्या कलाबाईंनी पदर खोचला. "पास से मंग आमनी पोरले डेंगू कथाईन व्हयना? आभायमाईन पडना का?"

आभाळातून पडला म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. निंबानं मांडवात मागं उभ्या असलेल्या सोनालीकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं. मग, अगदी थोडी, मान हलवली.

"कुंड्यांतून," निंबा म्हणाला. "पक्ष्यांच्या. काल एका कुंड्यात मला या अख्ख्या तळ्यापेक्षा जास्त अळ्या दिसल्या. ते कुंडं माझ्या घरातलं होतं. बी चारशे चार."

मच्छरकाकाच्याच घरात मच्छर, ही बातमी डेंगूपेक्षा मोठी होती. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुंडां तो पुण्यनुं काम छे!" भाईदास दुखावला गेला. त्याचं नाव तीनशे बारा ठिकाणी होतं.

"पुण्य आठवड्यातून एकदा पालथं घाला, भाईदासभाई. मग हरकत नाही."

तेवढ्यात सुधाकर देशमुख उठले. बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. प्रश्न विचारण्यापूर्वी चष्मा काढणारे. "महाले, एक तांत्रिक मुद्दा. तुमच्याच रजिस्टरात हे तळं सलग सतरा वर्षं नापास आहे. यंदा पास कसं झालं? चमत्कार म्हणून नोंद करायची का?"

पाऊस जास्त झाला, पाणी वाहून गेलं, असं काहीही सांगता आलं असतं. निंबाचा हलणारा पाय थांबला. त्यानं ओगराळं पुढे केलं.

"हे बघा. हे त्या अळ्या खातं. चतुराचं पिल्लू आहे. मोठं झालं की पंख फुटतात आणि उडतानाही मच्छर खातं. पोरं हेलिकॉप्टर म्हणतात ते."

पाच-सहा डोकी ओगराळ्यावर वाकली. "ईऽऽ" म्हणून चार मागं गेली.

"आधी इथं खूप होती. बेडूक होते, पाणकिडे होते, बारक्या मुऱ्या मासोळ्या होत्या. मी नवा होतो. रजिस्टरात पहिली तीन वर्षं पास-पास-पास आहे, देशमुखसाहेब, तुम्ही मागची पानं बघितली नसतील. मग पुराच्या पुढच्या वर्षी थोडे मच्छर झाले. मला वाटलं, एकदाच पुरा बंदोबस्त करू. मी ज्या लूमच्या खात्यात आधी कापड विणायचो तिथनं मशीनचं काळं ऑइल आणलं, चार डबे, आणि ओतलं. मी. कोणी सांगितलं नव्हतं."

हा भाग बऱ्याच जणांना ठाऊक होता. त्या वर्षी गल्लीनं निंबाचा शाल-नारळ देऊन सत्कार केला होता. फोटो अजून घरात होता: शाल पांघरलेला तरुण निंबा, हातात डबा, मागं काळं चकाकणारं पाणी. फोटोत डब्याच्या कडीवर एक लाल चतुर बसलेला होता. बसायला दुसरी जागा उरली नसावी. हे निंबाला दहा वर्षांनी, भिंतीवरचा फोटो पुसताना दिसलं. त्यानंतर फोटो पुसायचं काम त्यानं धुरपदाबाईला दिलं.

"सगळं मेलं," निंबा म्हणाला. "मच्छर आठव्या दिवशी परत आला. त्याला काय, आठ दिवसांत पिढी. आणि आता त्याला खाणारं कोणीच नव्हतं. ह्याला परत यायला अठरा वर्षं लागली." तो थांबला. व्याख्यान त्याच्या अंगवळणी नव्हतं. "खात्यात काम केलेले आहेत ना इथं? ताण्याचा एक उभा धागा तुटला तर मशीन लगेच बंद पडतं का? नाही पडत. कापड चालत राहतं. आपल्याला वाटतं, काही झालं नाही. मग दहा मीटरनंतर बघावं तर मधोमध चीर. मी पुष्कळ धागे एकदम तोडले. आता कुठं सांधायला लागलंय. नका बुजवू."

कलाबाईंनी खोचलेला पदर सोडला. लिंबायतच्या खात्यांत उभं आयुष्य काढलेले दोन-तीन म्हातारे मान हलवत होते. निंबाला वाटलं, जमलं.

भाईदास टाळ्या वाजवत उठला.

"वाह निंबाभाई! सच्ची वात करी!" तो माइककडे वळला. "सांभळो! तळावमां काळुं ऑइल छे. चार डब्बा! तपासनीस पोते कहे छे. आवुं झेरी पाणी आपणां बाळको पासे रखाय? बोलो!"

विषारी पाणी मुलांजवळ ठेवायचं का, या प्रश्नाला कुणीही हो म्हणू शकत नव्हतं. देशमुखांनी चष्मा घातला आणि ठरावातला 'मच्छर' खोडून 'ऑइल' लिहिलं.

"ते ऑइल कधीच बसलं खाली!" निंबा म्हणाला. "म्हणून तर हे आलं! ह्याचं काय करायचं मग?"

"हेलिकॉप्टरनुं?" भाईदास प्रेमानं म्हणाला. "एने पण पार्किंग आपशुं!"

हेलिकॉप्टरलाही पार्किंग देणार म्हटल्यावर हशा झाला. वाईट माणसं नव्हती ती. चहा आला. हात वर झाले तेव्हा निंबानं पाहिलं, योगराजचा हात खाली होता. वरही गेला नाही, खिशातही गेला नाही. नुसता खाली होता.

डंपर शुक्रवारी यायचे होते. मधल्या चार दिवसांत निंबा कामावरून आला की तळ्यात उतरायचा. चार संध्याकाळींत सात पिल्लं मिळाली; ती चलथाणच्या एका डबक्यात नेऊन सोडायची होती. ती वेगवेगळी ठेवणं भाग होतं, कारण ही मंडळी एकमेकांनाही खातात; सात एका बादलीत ठेवली तर चलथाणला एकच पोचलं असतं, तेही अजीर्ण झालेलं. चलथाणला साखर कारखान्याच्या अलीकडे धुरपदाबाईचा भाऊ ऊसतोडीवर होता. त्यांच्या झोपड्यांमागं एक डबकं होतं, कुणाच्याही नकाशात नसलेलं.

सोनालीनं घासलेलं कुंडं आणून दिलं. बाकीची सहा कलाबाईंनी विंगमधून गोळा केली. पालथं घाला म्हटल्यावर हलत नव्हत्या त्या बायकांनी द्या म्हटल्यावर भराभर दिली. सात कुंडी, सातांवर भाईदासचं नाव, प्रत्येकात एकेक मख्ख जीवडं.

शुक्रवारी सकाळी निंबा खाली आला तेव्हा गेटशी रिक्षा उभी होती. योगराजनं मागच्या सीटपुढं पाय ठेवायच्या जागेत पोतं अंथरलं होतं.

"तुला भाड्याला जायचं असेल," निंबा म्हणाला.

"बसा."

चार कुंडी पोत्यावर राहिली, एक निंबाच्या मांडीवर, दोन धुरपदाबाईच्या. "मना भाऊले काय सांगू मी?" ती म्हणाली. "लोके मायेरले साडी लई जातस. मी किडा लई जाई ऱ्हायनू." पण दोन्ही हातांची ओंजळ तिनं कुंड्यांभोवती धरली होती, आणि पाणी हलत नव्हतं.

गेटच्या आत पहिला डंपर उलटा होत होता. कुणी मागं वळून पाहिलं नाही.

योगराज एरवी रिक्षा अशी हाकायचा की प्रवासी उतरताना देवाचे आभार मानायचे. आज तो गतिरोधक दिसला की वीस पावलं आधी हळू व्हायचा. पहिलं चाक चढवायचा, थांबायचा, मग मागची दोन. पाठीमागून हॉर्न वाजत होते. एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं आणि वळून पाहिलं.

"नाना, सातानं काय होणार?" बऱ्याच वेळानं योगराज म्हणाला.

"माहीत नाही."

"मग?"

"खड्डा आहे पुढं."

"दिसला," योगराज म्हणाला, आणि खड्डा वळसा घालून चुकवला.

हायवेच्या अलीकडे एका माणसानं हात केला. "चलथाण?"

योगराजनं रिक्षा थांबवली नाही, पण इतकी हळू होती की थांबल्यासारखीच. त्यानं मान वळवून मागं एकदा पाहिलं: आई, बाप, सात कुंडी.

"भरेली छे, भाई," तो म्हणाला.

झोपड्यांमागच्या डबक्यात बेशरमाची झुडपं होती, पाणी हिरवट, काठावर म्हशीच्या खुरांचे ठसे. निंबानं एकेक कुंडं पाण्याला टेकवून हलकेच तिरपं केलं. जीवडी तळाशी गेली आणि मातीच्या रंगात मिसळली. दिसेनाशी झाल्यावरही तो थोडा वेळ वाकून राहिला. ओगराळं आणलं होतं, ते त्यानं बुडवलं नाही.

मग सातही कुंडी डबक्याच्या काठावरच धुतली आणि ओळीनं, एकाशेजारी एक, उन्हात पालथी घातली.